चोविसाव्या हिश्श्याची पांढरी जीप

डोळ्यावरची पट्टी सुटली तेव्हा आधी वास आला आणि मग उजेड. स्पिरिटचा, ओल्या फरशीचा आणि शेजारच्या खाटेवर कुणीतरी उघडलेल्या डब्यातल्या मेथीच्या भाजीचा वास. तो अजून माझ्या लक्षात आहे, कारण त्याच्यानंतर जे झाले ते इतके अचानक झाले की मागे वळून धरायला तेवढा वासच हाताशी उरला. समोर भिंत होती. जन्मभर मी भिंतींशीच व्यवहार केला, त्यांच्यावर अक्षरे काढली, त्यांचे पोपडे खरवडले. पण ही भिंत सरळ अंगावर चालून आली. पांढरी म्हणावी तर अशी पांढरी, की तिच्या आतून निळे पाणी वाहते आहे. मी घाबरून डोळा मिटला.

"उघडा आजोबा, उघडा. दिसते का?" नर्सबाई म्हणाल्या.

"दिसून राह्यलं," मी म्हणालो, "पन ह्या भितीले निळ कोनं देली?"

त्या हसल्या. "नीळ नाही आजोबा, पांढरीच आहे ती. जुना पडदा निघाला तुमचा. पहिल्या दिवशी सगळ्यांना असंच वाटते."

सगळ्यांना वाटत असेल. सगळे पेंटर नसतात. मी शाळा चौथीपर्यंतच पाहिली, तीही खिडकीशेजारी बसून. पण अक्षर वाचायच्या आधी मी ते रंगवायला शिकलो, आणि बोरी अरबहून दारव्ह्याच्या रस्त्याला लागलेल्या किती ट्रकांच्या कपाळावर माझ्या हातची वेलबुट्टी होती, हे त्या रस्त्यावरच्या चहावाल्यांना विचारावे. मी पांढरा म्हणतो तेव्हा नर्सबाई म्हणतात तो पांढरा माझ्या मनात नसतो. म्हणून मी हळूच उजवा, नवा डोळा झाकला आणि डाव्याने भिंत पाहिली. ती शहाण्यासारखी आपल्या जागेवर जाऊन बसली. जुन्या ताकासारखी, थोडी पिवळट, ओळखीची. मग डावा झाकला. पुन्हा ते निळे पाणी. एकाच कपाळाखाली दोन दुनिया भाडेकरूंसारख्या राहत होत्या, आणि त्यांतल्या एकीच्या शब्दावर मी कित्येक वर्षे सगळ्या जगाशी भांडत आलो होतो.

घरी येताना बसमध्ये मी हाच खेळ करीत बसलो. मार्गशीर्षातले ऊन होते, कोवळे नाही आणि तापलेलेही नाही, पितळेच्या घासलेल्या ताटासारखे पसरलेले. रस्त्याच्या दोन्ही अंगांना कापसाची पऱ्हाटी फुटली होती. उजव्या डोळ्याने पाहिले की प्रत्येक बोंड स्वतंत्र, धारदार, जणू कोणी आत्ताच झाडाच्या टोकाटोकावर ठेवून गेले आहे. डाव्याने पाहिले की सगळे शेत एका जुन्या चादरीखाली झोपलेले. उजवा, डावा, उजवा, डावा. समोरच्या बाकावरची एक बाई डोक्यावरचा पदर पुढे ओढून माझ्या बायकोला म्हणाली, "वो बाई, तुमच्या बुढ्याले सांगा. ह्या वयात बायायले डोये मारनं सोभते का?"

यशोदा कानकोंडी झाली. "आपरेशन झालं वो माय त्यायचं," ती म्हणाली. "डोये मारत नाई, तपासून राह्यले." आणि मला कोपराने ढोसून, "अजी, काया चष्मा लावा तो. लोक मारतीन नाई तं."

मी चष्मा लावला. काळ्या काचेआडून मात्र मला घरची फळीच दिसत होती. घरी भिंतीतल्या फळीवर माझ्या मोटारी होत्या.

त्या मोटारींची गोष्ट सांगितली पाहिजे. गुडघे गेले आणि ट्रकच्या पाट्यावर चढणे सुटले. तशातच रंगवायचे कामही सुटले, कारण लोक आता छापील चिकटपट्ट्या आणून लावतात, आणि पोपट, कमळ, मोर सगळे कारखान्यातून एकाच तोंडवळ्याचे येतात. मी घरात बसून यशोदेशी, शेजाऱ्यांशी आणि रेडिओशी भांडू लागलो. तेव्हा पुण्याला असलेल्या आमच्या लेकीने एका दिवाळीला एक खोका आणला. "बाबा, हे करा," ती म्हणाली, "म्हणजे आईला थोडा आराम." खोक्यावर बर्फाचा डोंगर आणि त्याच्यापुढे परदेशी मोटार. आत मोटार नव्हतीच. प्लास्टिकच्या काड्यांची जाळी होती आणि काडीकाडीला दरवाजे, चाके, बसायच्या गाद्या, नखाएवढे आरसे लटकलेले, अगदी पऱ्हाटीला बोंडे लटकावीत तसे. एकेक तुकडा वेचायचा, घासायचा, चिकटवायचा, रंगवायचा. खऱ्या मोटारीचा चोविसावा हिस्सा, लेकीने खोक्यावरचे वाचून सांगितले. म्हणजे अशा चोवीस मोटारी एकीमागे एक लावल्या की एका खऱ्या मोटारीची लांबी भरेल. पोरांचे खेळणे म्हणून मी तो खोका आठ दिवस खाटेखाली सरकवून ठेवला. नवव्या दिवशी उघडला, आणि त्यानंतर आमच्या घरात रेडिओशी कोणी भांडले नाही.

त्या कामाचे सुख काय सांगू! ज्या हाताने मी पुरुषभर उंचीची अक्षरे काढली, त्या हाताला आता खारीच्या शेपटीचे मोजके केस बांधलेला ब्रश धरून दरवाज्याची मूठ रंगवायची होती. श्वास सोडला तर हात हलतो, म्हणून दोन श्वासांच्या मधल्या रिकाम्या जागेत रेघ ओढायची. गोळ्यांच्या पाकिटाची चांदी कापून मी दिव्यांच्या वाट्या केल्या. पातळ काळा रंग दरवाज्याच्या फटीत सोडला की तो आपोआप धावत जाऊन फट भरतो, आणि क्षणात प्लास्टिकचा पत्रा होतो. चाकांना लावायला शेतातली काळी माती कापडातून चाळून घ्यायची. आमच्या मातीइतकी बारीक धूळ कोणत्याही बाटलीत मिळत नाही. घरात सारखा थिनरचा वास असायचा. यशोदा म्हणायची की भाजीलाही तोच वास येतो. मला कधी आला नाही.

अशा अकरा मोटारी मी केल्या. बाराव्या खोक्यात जीप होती, आणि ती पाहताक्षणी मला कळले की ही जीप देवसिंगची आहे.

देवसिंग माझा सोबती. गावापलीकडच्या बंजारा तांड्यातला. त्याचे वाडवडील बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलुख पालथा घालणारे. त्याच्या अंगातही ती फिरती हवा होती. आम्ही दोघे यवतमाळला एकाच उस्तादाच्या हाताखाली रंग शिकलो. मग तो ब्रश टाकून चाकामागे बसला. त्याने एक जुनी, मोडकी जीप घेतली, आणि तांड्यातल्या त्याच्या अंगणात आम्ही दोघांनी ती पांढरी केली. पांढऱ्याचीही आमच्यात एक रीत होती, उस्तादाने घालून दिलेली. डब्यातला पांढरा तसाच लावायचा नाही. तो दवाखान्याचा पांढरा, उस्ताद म्हणायचे. त्यात पिवळ्याचा थेंब, सुईच्या टोकावर मावेल एवढा काळा, आणि मिळवताना शेजारी सकाळी वेचलेला कापूस सावलीत धरायचा. कापूस आणि रंग यांच्यातली सीमा दिसेनाशी झाली की हात थांबवायचा. त्या दिवशी कापूस धरून उभी होती सक्रीबाई, देवसिंगची बायको. वेचणीहून आलेली, ओटी अजून भरलेली. उभी राहून पाय दुखले म्हणून तिने टेकायला हात ठेवला तो नेमका जीपच्या मागच्या झडपेवर, ओल्या फाळक्यावर. पाची बोटे उमटली; वर दोन-चार तंतू कापसाचे. देवसिंग तापला, थिनरचे फडके घेऊन पुसायला धावला. सक्रीबाई हसत त्यांच्या गोर बोलीत काहीतरी म्हणाली. मला ते कळले नाही, पण देवसिंगने फडके खाली ठेवले. ती जीप भंगारात जाईपर्यंत तो पंजा तसाच राहिला.

सक्रीबाई गेली, आणि तिच्या वर्षश्राद्धाच्या सुमारास तो बारावा खोका आला. मी जीप करायला घेतली. पंधरा दिवस फक्त पंजाला लागले. तांदळाच्या दाण्याएवढ्या जागेत पाच बोटे, आणि ती नुसती रंगाची नाहीत, थरावर थर देऊन थोडी उचललेली, बोट फिरवले तर लागतील अशी. आणि मग पांढरा. शेजारी धरायला कापूस घरात नव्हता. काही वर्षांपूर्वी बोंडअळीच्या सालात सगळ्या गावाचा कापूस डागाळून कवडी झाला होता. बोंड उघडावे तर आत गुलाबी किडा आणि तपकिरी गाठ. गावातून पांढरा रंगच कोणी उचलून नेल्यासारखे ते वर्ष गेले. मी उभी पऱ्हाटी उपटून धुऱ्यावर, शेताच्या बांधावर टाकली आणि चारचौघांत बोललो की आता माझ्या दोन एकरांत मेलो तरी कापूस लागणार नाही. बोललो ते बोललो. इतरांनी पुन्हा लावला, मी तूर आणि सोयाबीनच घेतले. शेजारच्या तुकारामच्या धुऱ्यावरून हात लांबवला असता तर मूठभर कापूस मिळाला असता, पण ज्याची शपथ घेतली त्याच्यापुढे हात कसा पसरायचा? आणि कापूस मला पाहायचा कशाला होता? साठ वर्षे पाहिलेला. मी डोळे मिटून तो मनात आणला आणि तसा रंग मिळवला. वाटीतला पांढरा मला मळकट दिसत राहिला, म्हणून निळ्याचा थेंब टाकला. मग आणखी एक. शेवटी तो लख्ख दिसला, त्या दिवशीच्या अंगणातल्यासारखा.

यशोदेच्या जुन्या लुगड्यात गुंडाळून मी ती जीप देवसिंगकडे नेली. त्याने ती उन्हात धरली, फिरवली, मागचा फाळका बराच वेळ पाहिला. मी वाट पाहत होतो, कशाची ते मलाही सांगता आले नसते.

"रंग चुकला, वामन्या," तो म्हणाला. "हे निळी हाये."

"निळा काय असते ते मले शिकवू नको. आमच्या वस्तीतल्या सगळ्या निळ्या कमानी माह्या हातच्या हायेत."

"कापूस धरला होता शेजारी?"

"कापूस माह्या डोक्यात हाये."

"डोक्यातला कापूस उजेडात येत नाई, गड्या."

"तुहे डोये गेले, देवा."

"माहे गेले असतीन तं जाऊ दे. तू तुहे डोये पाय."

पंजाबद्दल एक शब्द नाही. मी जीप त्याच्या हातातून घेतली, लुगड्यात गुंडाळली आणि निघालो. त्याने हाक मारली नाही, मारली असती तर मी थांबलो नसतो. दोन वर्षे झाली या गोष्टीला. बाजारात तो समोरून आला तर मी भाजी न घेता परत फिरलो. यशोदेने दोन वर्षे किती वेळा बिनभाजीचे जेवण केले असेल याचा हिशेब तिच्याकडे आहे.

तर त्या दिवशी बस उतरून घरात शिरलो आणि काळा चष्मा काढून नव्या डोळ्याने फळीकडे पाहिले.

मी खाली बसलो.  जीप निळी होती. निळसर नाही, सावलीने भासणारी नाही. शाळेच्या गणवेशाला नीळ जास्त झाल्यावर तो जसा दिसतो तशी, उघडी, बेशरम निळी. तिच्या शेजारची मी दुधी समजून रंगवलेली मोटार निळी, पांढऱ्या बसचे छत निळे, आणि जिला मी राखाडी म्हणत होतो ती तर जांभळीच झाली होती. रेघा मात्र सगळ्या बरोबर. हात कुठेही चुकला नव्हता, हीच त्यातली भीषण गोष्ट. दरवाज्याच्या मुठी, काचेची रबरे, फटींतला काळा, ती उचललेली पाच बोटे, सगळे जिथल्या तिथे, आणि त्या सगळ्यावर एका आंधळ्याने आत्मविश्वासाने ओतलेला निळा. मी डावा डोळा उघडून उजवा मिटला. जीप पांढरी झाली. माझ्या तोंडून आवाज निघाला असावा, कारण यशोदा चुलीपासून धावत आली.

"काय झालं? डोयात गेलं का काई?"

मी तिच्याकडे पाहिले, आणि दुसरा धक्का तिथे उभा होता. तिचे केस. माझ्या मते ते अजून करडे होते. ते कधीच पांढरे झाले होते, पहाटेच्या दवासारखे. गालांवर सुरकुत्यांची इतकी बारीक जाळी, की तेवढी कोणत्याही ब्रशाने काढता यायची नाही. मी इतकी वर्षे दुसऱ्याच कोणा बाईशी बोलत होतो.

"असे काहून पाहून राह्यले? कवा पायलं नाई का मले?"

"हे जीप कोनत्या रंगाची हाये?" मी विचारले.

ती पदराने हात पुसत राहिली, पुसून झाल्यावरही.

"सांग ना."

"निळी," ती म्हणाली. "पयल्या दिवसापासून निळीच हाये."

"मंग सांगतलं काहून नाई?"

"सांगतलं तं आयकता का तुमी? देवसिंगभाऊनं सांगतलं, तं त्यायचं तोंड पायनं सोडलं. माहं तोंड पायनं सोडलं असतं तं मी कुठी गेली असती?" मग जरा थांबून, "तुकारामभाऊले ठाव हाये. पोरीले ठाव हाये. येनाऱ्या-जानाऱ्या समद्यायले. सगळे म्हनत, सुंदर म्हना आन मोकये व्हा."

रंग चुकल्याचा धक्का मी पचवला असता. वय झाले, डोळा फसला, कोणाचाही फसतो. पण ही शांतता! दोन वर्षे माझ्या घरात येऊन, माझा चहा पिऊन, फळीकडे पाहून 'वा, वामनराव' म्हणणाऱ्या माणसांची ती एकमताने ठरलेली शांतता. मला वाटत होते गाव मला मानते. गाव मला सांभाळत होते, जसे मारक्या बैलाला वळसा घालून जातात तसे. लेकीच्या फोनवरच्या प्रत्येक 'छान झाली बाबा'ला मी आत आत साठवले होते. ती सगळी बोंडे आता मी उघडून पाहिली आणि प्रत्येकात तीच तपकिरी गाठ निघाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी, धुळीत जाऊ नका, वाकू नका, असे डॉक्टरांनी बजावलेले असताना मी जीप लुगड्यात गुंडाळून तुकारामच्या धुऱ्यावर गेलो. दव उतरले होते. एका बोंडातला कापूस ओढून काढला. तो हाताला गार लागला आणि मग लगेच उबदार. इतक्या वर्षांनी. सोयाबीनला असा स्पर्श नाही, तुरीला नाही. सावलीत बसून मी कापूस एका तळव्यावर आणि जीप दुसऱ्यावर धरली. नव्या डोळ्याला पाहायचे काय होते? कापूस कापसासारखा, जीप आभाळासारखी. पण मी नवा डोळा झाकला आणि जुन्याने पाहिले. जुन्या डोळ्यालाही फरक दिसत होता. त्या पिवळ्या पडद्याआडूनही कापूस वेगळा होता आणि जीप वेगळी होती. एक साईसारखी मऊ, दुसरी चुन्यासारखी कोरडी. म्हणजे दोष मोतीबिंदूचा नव्हता. उस्तादाची रीत पाळली असती, मूठभर कापूस शेजारी धरला असता, तर त्या आजारी डोळ्यानेही मला खरे सांगितले असते. मी त्याला विचारलेच नव्हते.

मी तसाच तांड्याकडे निघालो. वाटेत वाक्य जुळवीत होतो. माझ्या तोंडाला त्या वाक्याची सवय नाही. पंचाहत्तर वर्षांत मी ते कोणाला म्हटले असेल तर मला आठवत नाही. 'माझं चुकलं' हे दोनच शब्द, पण तांडा येईपर्यंत त्यांच्या पुढे-मागे मी इतके शब्द लावले की मूळचे दोन सापडेनात.

देवसिंग अंगणात बाजेवर उन्हाला बसला होता. अंगण तेच. मी फाटकाशी उभा राहिलो. तो माझ्याकडेच पाहत होता.

"कोन हाये?" त्याने विचारले.

मला वाटले, टोमणा मारतो आहे. दोन वर्षांनी आलेल्याला असेच विचारायचे.

"मी."

"मी म्हनजे कोन? मी तं इथं बसलो हावो."

"वामन."

"वामन्या!" तो सरकला, बाजेवर जागा केली. "ये. बस. यशोदावैनी बरी हाये ना? का तिलेबी सोडलं?"

मी बसलो.  लुगडे सोडले आणि जीप त्याच्या हातात दिली, आणि जीपशेजारी तो कापूस. त्याने दोन्ही वर उचलले, उजेडात धरले. डोळे बारीक केले. आता मी त्याच्या इतका जवळ होतो की मला त्याच्या बुबुळांवर, दोन्हींवर, सायीसारखे काहीतरी साकळलेले दिसले, किंवा दिसले असे वाटले. ऊन तिरपे होते आणि माझ्या नव्या डोळ्यातून सारखे पाणी येत होते.

"पाय आता," मी म्हणालो. "कापूस शेजारी धरला हाये. सांग."

त्याने बराच वेळ पाहिले. उस्ताद पाहायचे तसे, मान थोडी कलती करून.

"पांढरी हाये," देवसिंग म्हणाला. "एकदम कापूस."

 मी त्याचा हात उन्हाकडे वळवला. "नीट पाय, देवा. तवा तू म्हनला होता, निळी हाये. तू बरोबर होता. माहं चुकलं." ते दोन शब्द असे, वाटेत न जुळता, अंगणात अचानक सांडले.

"कोन म्हनते तुहं चुकलं?"

"मीच म्हनतो."

"तुहं कोन आयकते?" तो हसला. त्याचे दात गेले होते, तेही मला आजच दिसत होते. "पांढरी हाये म्हनतो ना मी."

"आन इकडे. दोन दिवसांत पांढरी करून आनतो."

"पांढरीले अजून पांढरी कायले करतं?" त्याने जीप छातीशी धरली. "दिली तं दिली. आता वापस नाई." आणि मग त्याचा अंगठा हळूहळू, वाट माहीत असल्यासारखा, मागच्या फाळक्यावर गेला आणि त्या पाच बोटांवर थांबला. तो बराच वेळ तिथेच होता. अंगणात कुठेतरी कोंबडी माती उकरत होती. चुलीच्या धुरात तुऱ्हाटीचा वास होता.

"सक्रीबाई काय म्हनली होती रे तवा?" मी विचारले. "तू पुसाले गेलता तवा?"

"म्हनली, राहू दे. जीप कुठी हरवली तं वळखाले कामी येईन."

जीप दाराशेजारच्या कोनाड्यात गेली आणि चहा झाला. दारव्ह्याला डोळ्यांचे शिबिर आहे, दर महिन्याला असते, पुढच्या वेळी मी तुला नेतो, असे मी म्हणालो. तो म्हणाला, पायतो. त्याच्या सुनेने आतून सांगितले की सहा महिन्यांपासून ती हेच सांगते आहे आणि मामाजी ऐकत नाहीत. मी म्हणालो, ऐकेल, कसा ऐकत नाही पाहू. असे म्हणालो कोण, तर मी, न ऐकण्यातला तज्ज्ञ!

परत येताना दुपार कलली होती. शेतांवर तो मार्गशीर्षातला तिरपा, मधासारखा उजेड आला होता, ज्यात पांढरे काहीच पांढरे राहत नाही आणि तरी कोणी फसत नाही. तुकारामच्या धुऱ्याशी मी पुन्हा थांबलो. येत्या मृगात दोन तास, दोन ओळी तरी कापसाच्या धराव्यात असे मनात आले, आणि चारचौघांना काय सांगायचे, तेही. पण मनातून ते 'पांढरी हाये' जाईना. त्याच्या डोळ्यांवर खरेच साय होती का? असेल तर कापूस आणि जीप त्याला एकसारखे दिसले असतील. मग त्यात त्याचा काही दोष नाही आणि मायाही नाही. पण माझ्या आजारी डोळ्यालाही कापसाशेजारी फरक दिसला होता. त्याला दिसला असेल, आणि तरी तो तसे म्हणाला असेल, तर मला खरे सांगणारा शेवटचा माणूसही आता मला वळसा घालून जाणाऱ्यांत जाऊन उभा राहिला. हे कोड्यासारखे उलगडून पाहण्याची मला भीती वाटते. जन्मभर मी कशाला भ्यालो नाही, याला भितो.

शिबिराला अजून बारा दिवस आहेत. मी बसची वेळ विचारून ठेवली आहे, आणि त्याच्या सुनेला सांगितले आहे की जीप कोनाड्यातून हलवू नका. ती मी गुपचूप पांढरी करू शकतो. डबा घरात आहे, कापूस आता आहे, नवा डोळा आहे. ब्रश दोनदा हातात घेतला आणि दोनदा थिनरमध्ये बुडवून ठेवून दिला. नाही. ती तशीच राहू दे, निळी. त्याची पट्टी सुटेल, आम्ही बसने परत येऊ, वाटेत तो एकदा हा डोळा आणि एकदा तो डोळा झाकून पाहील आणि बाया त्याला शिव्या देतील. मग तो अंगणात शिरेल, कोनाड्याकडे पाहील. मी त्याच्या मागे उभा असेन. आणि ज्या शब्दासाठी मी दोन वर्षे त्याचे तोंड पाहिले नाही, तो शब्द ऐकायला कान त्याच्या तोंडाशी लावून धरीन.